एक आकडा, चार जागा: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी जावास्क्रिप्ट लायब्ररी निवडताना

हे प्रकरण आमच्याच कामातलं आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय आणि चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी नऊ शाखांची पतसंस्था आहे. ठेवी, सोनेतारण, तारणी-बिनतारणी कर्जं आणि मुख्य म्हणजे पिग्मी. एजंट रोज बाजारपेठेतून फिरतो आणि पानवाला, चहावाला, भाजीवाली यांच्याकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो. या प्रकाराचं मूळ १९२८ सालचं. उडुपीच्या ज्या बँकेने पुढे सिंडिकेट बँक हे नाव घेतलं, तिने रोज दोन आणे जमा करायची योजना काढली आणि तिला 'पिग्मी' म्हटलं. तो शब्द आपल्याकडे इतका रुळला की दैनंदिन ठेव म्हटलं तर लोक दोन क्षण विचारात पडतात.

संस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही २०१२-१३ मध्ये लिहिलं. आम्ही म्हणजे चार माणसांचं ऑफिस: दोन प्रोग्रॅमर, स्क्रीन आणि रिपोर्ट करणाऱ्या मॅडम आणि मी. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा, ब्राउझरमध्ये जेक्वेरी १.७.२, म्हणजे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट या भाषेतल्या तयार कोडचा संच, अर्थात लायब्ररी. तेव्हा शाखांमध्ये विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर ८ होतं. फायरफॉक्समध्ये चालणारी ओळ तिथे चालेलच याचा भरवसा नसायचा. ब्राउझरांमधली ही भांडणं जेक्वेरी आपल्या अंगावर घ्यायची. जॉन रेसिगने २००६ मध्ये आणलेल्या या लायब्ररीने आमच्यासारख्या किती लहान ऑफिसांना पोटाला लावलं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यामुळे 'जेक्वेरी म्हणजे जुनाट' असं कुणी सहज बोललं की मला थोडं लागतं.

एक जखम मात्र आमची आम्हीच करून घेतली होती. २०१५ मध्ये कर्ज विभाग नव्याने लिहायला घेतला तेव्हा सगळीकडे अँग्युलरजेएस या पडदे बांधायच्या जावास्क्रिप्ट चौकटीचा बोलबाला होता. आम्हीही त्यात लिहिलं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँग्युलर २ आलं. नाव तेवढं तेच, आतलं घर पूर्ण वेगळं. जुन्यावरून नव्यावर जायचं तर जवळपास सगळं पुन्हा लिहावं लागणार होतं. तेवढे पैसे संस्थेकडे नव्हते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. २०२१ च्या अखेरीस जुन्या अँग्युलरजेएसचा आधारही संपला. कर्ज विभागाच्या फाइलींच्या डोक्यावर तेव्हापासून एक ओळ आहे: 'विचारल्याशिवाय हात लावू नये.'

## अडचण

२०२३ च्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या.

पहिली, सुरक्षा तपासणीचा अहवाल. संस्थेने बाहेरच्या तपासनिसांकडून सॉफ्टवेअर तपासून घेतलं. जेक्वेरी १.७.२ मध्ये ज्ञात त्रुटी आहेत, ती बदला, असा शेरा त्यांनी मारला. संचालक मंडळात अहवाल वाचला गेला आणि एका संचालकांचा फोन आला, "अहो, आपलं सॉफ्टवेअर नापास झालंय म्हणं?"

शेरा बरोबरच होता. आवृत्ती बदलून तो पुसलाही गेला असता. पण आमच्या धाकट्या प्रोग्रॅमरने त्या संध्याकाळी एक प्रयोग केला. चाचणीच्या खात्यात वारसदाराच्या नावाच्या रकान्यात त्याने नावाऐवजी एचटीएमएलचा, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेचा, एक छोटा तुकडा टाकला. चित्राचा टॅग, चित्राचा पत्ता चुकीचा आणि 'चित्र सापडलं नाही तर हे कर' अशी एक सूचना. मग शाखाधिकाऱ्याच्या लॉगिनने ते खातं उघडलं. पडद्याच्या मधोमध खिडकी उघडली: 'नमस्कार.' वारसदाराच्या नावाने शाखाधिकाऱ्याच्या ब्राउझरमध्ये आमची आज्ञा चालली होती.

याचं कारण जेक्वेरीची आवृत्ती नव्हतं. सर्व्हरवरून आलेलं नाव आम्ही 'टेक्स्ट'ऐवजी 'एचटीएमएल' या पद्धतीने, म्हणजे नुसता मजकूर म्हणून नव्हे तर पानाचाच भाग म्हणून, घालत होतो. जगातली सगळ्यात नवी जेक्वेरी घातली असती तरी ती खिडकी उघडलीच असती.

दुसरी गोष्ट एजंटांची. संस्थेने वर्षभरापूर्वी त्यांची यंत्रं काढून घेऊन आमचं पिग्मीचं पान मोबाइलवर दिलं होतं. फोन ज्याचे त्याचे, बहुतेक सात-आठ हजारांतले, दोन जीबी रॅमचे. तक्रारी तीन होत्या. पान उघडायला फार वेळ लागतो. रेंज गेली की काम ठप्प. आणि तिसरी, एका वयस्कर एजंटाच्या शब्दांत, "साहेब, नाव टाइप केलं तरी यादी हलतच न्हाई. मग मी बोटानंच खाली सरकवत बसतो."

तिसऱ्याचं कारण लवकर सापडलं. आमचा शोध 'कोणती कळ दाबली' यावर चालायचा. कळफलकावरची कळ सुटली की तिचा क्रमांक बघायचा आणि तो अक्षराचा असेल तरच यादी गाळायची. अँड्रॉइडच्या पडद्यावरच्या कळफलकावर खरी कळ नसतेच. ब्राउझर बहुतेक वेळा प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक देतो, २२९. 'कळफलक अजून शब्द जुळवतोय' एवढाच त्याचा अर्थ. आमच्या कोडला वाटायचं की कुणीतरी भलतीच कळ दाबली, आणि ते गप्प बसायचं.

## समोरचे पर्याय

संध्याकाळी चहाच्या वेळी फळ्यावर यादी केली. धाकट्याला रिअ‍ॅक्ट (पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) येत होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: सगळं रिअ‍ॅक्टमध्ये लिहू, सर्व्हरवर फक्त एपीआय, म्हणजे माहिती देण्या-घेण्याचं दार, ठेवू. रिअ‍ॅक्ट २०१३ पासून आहे, मागे मोठी कंपनी आहे, २०१७ मध्ये एमआयटी परवाना लागल्यापासून कायद्याची शंकाही उरलेली नाही. त्याच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. पण आमच्याकडे साठ-एक स्क्रीन होत्या, आणि त्यांतल्या पन्नास तरी 'फॉर्म भर, सेव्ह कर, व्हाउचर छाप' एवढ्याच कामाच्या. त्या रिअ‍ॅक्टमध्ये नेऊन कॅशिअरला वेगळं काय मिळणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये रिअ‍ॅक्टचं नवं माहितीस्थळ आलं होतं. नवा प्रकल्प नेक्स्ट डॉट जेएससारखं, सर्व्हरसकट सगळं बांधणारं पूर्ण फ्रेमवर्क घेऊन सुरू करा, असा त्याचा सल्ला होता. पीएचपीच्या सर्व्हरवर बसलेल्या माणसाला हे म्हणजे नळ दुरुस्त करायला गेलं आणि घर बदलायचा सल्ला मिळाला, असं झालं.

दुसऱ्या टोकाला थोरला प्रोग्रॅमर. अँग्युलरची जखम त्याच्याच हातची, त्यामुळे तो ताकही फुंकून पिणारा. तो म्हणाला जेक्वेरीच ठेवू, फक्त ३.७ वर नेऊ. एक पाऊल पुढे जाऊन असंही म्हणाला, की आता ब्राउझर शहाणे झालेत, एक्सप्लोरर ११ सुद्धा जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलं, तेव्हा लायब्ररीच नको, साधी जावास्क्रिप्ट लिहू.

मधे दोन नावं होती. व्ह्यू, रिअ‍ॅक्टच्याच जातीची लायब्ररी, एव्हान यूने २०१४ मध्ये सुरू केलेली. तिचं टेम्प्लेट, म्हणजे पडद्याचा साचा, एचटीएमएलसारखंच दिसतं. आमच्या मॅडम ते वाचू शकत होत्या, आणि मला ही बाब किरकोळ वाटत नव्हती, कारण निम्म्या स्क्रीन त्याच बघतात. आणि एचटीएमएक्स. त्यात सर्व्हर एचटीएमएलचा तुकडाच पाठवतो आणि पानातला तेवढाच भाग बदलतो. पीएचपीवाल्यांना ते पहिल्या दिवशीच समजतं. स्वेल्ट आणि अल्पाइन या आणखी दोन पर्यायांची नावं फळ्यावर आली, पण त्यांवर आम्ही दहा मिनिटांच्या वर बोललो नाही.

वजनाचाही विषय निघाला. दाबून पाठवल्यावर जेक्वेरी ३ सुमारे ३० केबी भरते. रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू त्याहून थोड्या जड, एचटीएमएक्स निम्म्याच्या आसपास. यावर अर्धा तास वाद झाला. मग मॅडमनी लॅपटॉप फिरवून दाखवलं. पिग्मीच्या पानावरचा संस्थेचा लोगो एकटाच ४०० केबीचा होता. कुणीतरी फ्लेक्सच्या फाइलीतून उचलून तसाच चिकटवलेला.

## एका पडद्याची चाचणी

ठरलं असं: वाद बंद, पिग्मीचा पडदा तीन प्रकारे करायचा. धाकटा रिअ‍ॅक्टमध्ये, मी व्ह्यूमध्ये, थोरला साध्या जावास्क्रिप्टमध्ये. मुदत दोन आठवडे. चाचणी लॅपटॉपवर नाही, तर एजंटाच्या फोनवर. त्यासाठी त्या वयस्कर एजंटाच्या मॉडेलचाच एक जुना फोन बाजारातून घेतला.

तिन्ही पडदे जुन्यापेक्षा कितीतरी चपळ निघाले. धाकटा खूश, मी खूश. थोरला मात्र गप्प राहिला आणि दोन दिवसांनी चौथा पडदा घेऊन आला: जुनाच, जेक्वेरीतला, एकच बदल केलेला. तोही तितकाच चपळ.

बदल काय होता? जुनं पान अख्ख्या शाखेची चार हजार खाती फोनवर आणायचं, त्यांच्या चार हजार रांगा तयार करायचं आणि त्या एजंटाची साडेतीनशे सोडून बाकीच्या लपवायचं. २०१३ मध्ये हे पान काउंटरच्या संगणकासाठी लिहिलं होतं, तिथे ते खपून गेलं. नवे पडदे लिहिताना आम्ही तिघांनीही नकळत फक्त त्या एजंटाचीच खाती मागवली होती. म्हणजे आम्ही लायब्ररी मोजतच नव्हतो. आपली जुनी चूक सुधारल्याचा फायदा मोजत होतो आणि त्याचं श्रेय रिअ‍ॅक्टला आणि व्ह्यूला देत होतो. आणि दुसऱ्या एजंटांची खाती फोनवर लपून बसायची, हे तपासनिसांच्याही नजरेतून सुटलं होतं.

या चौथ्या पडद्याने सगळी चर्चा बदलली. वेग हा निकषच राहिला नाही. मग नवी लायब्ररी घ्यायची तरी कशाला?

त्याचं उत्तर रेंज नसतानाच्या कामात मिळालं. एजंटाने शंभर रुपये घेतले की पडद्यावर चार जागी फरक पडतो. वरची आजची एकूण जमा वाढते. खातेदाराची रांग हिरवी होते. 'पाठवायच्या बाकी' पावत्यांची संख्या बदलते. खाली शेवटची पावती दिसते. रेंज आली की बाकी पावत्या एकेक करून सर्व्हरवर जातात आणि पुन्हा या जागा हलतात. एजंटाने पावती रद्द केली, तर सगळं उलटं. थोरल्याच्या दोन्ही पडद्यांमध्ये या जागा हाताने बदलाव्या लागत होत्या, प्रत्येक घटनेसाठी वेगळ्या ओळी. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी मॅडमनी रेंज बंद करून पावती केली, रद्द केली, रेंज सुरू केली. रांग पांढरी झाली, संख्या शून्य झाली, एकूण जमेत मात्र शंभर रुपये तसेच राहिले.

पिग्मीत शंभर रुपयांचा फरक म्हणजे संध्याकाळी एजंटाला खिशातून भरावे लागणारे शंभर रुपये. रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यूच्या पडद्यांवर ही चूक होऊच शकत नव्हती, कारण तिथे पावत्यांची यादी एकच होती आणि चारही जागा त्या यादीवरून मोजल्या जात होत्या.

माझा व्ह्यूचा पडदा मात्र दुसरीकडे आपटला. क्रोमच्या मोबाइलसारख्या चौकटीत मी तो तासन् तास वापरला होता, शोध झकास चालत होता. चौकट फोनची होती, कळफलक लॅपटॉपचा. खऱ्या फोनवर मराठी कळफलकाने 'पाटील' लिहिलं तर यादी ढिम्म. स्पेस दिली की एकदम हलायची. म्हणजे एजंटाची मूळ तक्रार मी नव्या लायब्ररीत जशीच्या तशी आणून ठेवली होती! व्ह्यूच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: 'व्ही-मॉडेल' ही रकाना आणि कोडमधली किंमत जोडणारी सोय शब्द जुळवणं चालू असताना किंमत बदलत नाही. तसं हवं असेल, तर 'इनपुट' ही घटना आपण स्वतः ऐकायची आणि किंमत आपणच बांधायची. दोन ओळींचं काम. पण ती टीप मी वाचली ती आपटल्यानंतर.

शोधातली आणखी एक अडचण कुठल्याच लायब्ररीच्या हातात नव्हती. 'कऱ्हाडे' हे आडनाव आमच्या डेटात दोन तऱ्हांनी साठवलेलं होतं. काही ठिकाणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या खात्यांत साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत, या दोघांना एक करत नाही. त्यासाठी सहा ओळींचं आमचं आम्हीच लिहिलं, आणि साऱ्या गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे मंडळींची खाती एकदाची सापडायला लागली.

## निर्णय

फळ्यावरचा प्रश्न आता बदलला होता. 'कोणती लायब्ररी चांगली' हे खोडून तिथे लिहिलं: 'या पडद्यावर एकच आकडा किती जागी दिसतो, आणि सर्व्हरशिवाय बदलतो का?'

साठ पडद्यांना हा प्रश्न लावला. दोनच पडदे 'अनेक जागी आणि सर्व्हरशिवाय' या खान्यात बसले: पिग्मी आणि थकबाकी वसुलीची फेरी. ते व्ह्यू ३ मध्ये करायचे ठरले. व्ह्यू २ चा आधार त्याच डिसेंबरअखेर संपणार होता, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. काउंटरचे बाकीचे पडदे जेक्वेरी ३.७.१ वर न्यायचे. त्यांतल्या ज्यांना 'यादी गाळा, खालचा भाग बदला' एवढंच हवं, तिथे सवडीने एचटीएमएक्स आणायचं. कर्ज विभागाला हात लावायचा नाही.

रिअ‍ॅक्ट की व्ह्यू हा निर्णय तांत्रिक नव्हता, हे मान्य केलेलं बरं. दोन्हींनी काम झालंच असतं. रिअ‍ॅक्ट एकट्या धाकट्याला येत होतं, आणि आमच्या गावात रिअ‍ॅक्ट येणारा पोरगा दोन वर्षांत पुण्याला जातो, हा अनुभव होता. व्ह्यूचं टेम्प्लेट मॅडम आणि थोरला दोघंही पहिल्याच आठवड्यात वाचायला लागले. धाकटा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्यानेच पावत्या फोनवर साठवायचा भाग लिहायला घेतला.

## अंमलबजावणी

जेक्वेरी १.७ वरून थेट ३.७ वर उडी मारली नाही. आधी १.१२ आणि जोडीला तिचं मायग्रेट नावाचं पूरक, मग ३.७.१ आणि त्याचं मायग्रेट. जुनं काही वापरलं की हे पूरक ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत, कुरकुर करतं, पण काम थांबवत नाही. 'लाइव्ह' ही १.९ मध्ये काढून टाकलेली पद्धत दीडशेच्या वर ठिकाणी सापडली. कंटाळवाणं काम, पण सरळ.

जी चूक कुरकुर न करता आली, तिने घाम फोडला. कर्जाच्या एका जुन्या, अँग्युलरच्याही आधीच्या फॉर्मवर जामीनदार निवडायची यादी होती, एकाहून जास्त नावं घेणारी. एकही नाव निवडलं नाही तर जुनी जेक्वेरी 'नल', म्हणजे 'काहीच नाही', द्यायची आणि आमचं कोड तेवढंच तपासायचं: नल आहे का? असेल तर 'जामीनदार निवडा' म्हणायचं. जेक्वेरी ३ पासून अशा वेळी नलऐवजी रिकामी यादी मिळते. रिकामी यादी म्हणजे नल नव्हे. कुठेही एरर नाही, कुठेही लाल अक्षर नाही, आणि बिनजामीनदाराचा अर्ज सुखाने पुढे सरकला. चाचणीसाठी दिलेल्या शाखेतल्या क्लार्क ताईंनी तो पकडला. "याला जामीनदार कोण हो? इथं तर कुणीच दिसंना." सर्व्हरवर तपासणी नव्हतीच. त्या रात्री ती लिहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मची सर्व्हरवरची तपासणी आधी बघायची आणि मग ब्राउझरची, असा क्रम लावला.

वारसदाराच्या रकान्याचं भोक बुजवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. 'एचटीएमएल' पद्धत वापरलेली प्रत्येक जागा शोधून, तिथे खरंच एचटीएमएल लागतं का ते ठरवायचं. दहात नऊ ठिकाणी लागत नव्हतं.

बाहेरून मागवलेल्या फाइलीही तेव्हाच बंद केल्या. जेक्वेरी, फॉन्ट, जुन्या ब्राउझरांसाठीची ठिगळं, सगळं आमच्या सर्व्हरवर आणलं. थोरला म्हणत होता उगाच काम वाढवतोय. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या ठिकाणाहून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड मिसळल्याचं उघड झालं, एक लाखाहून जास्त संकेतस्थळं ती वापरत होती. आमची ठिगळं पूर्वी तिथूनच यायची. थोरल्याने त्या दिवशी स्वतःहून सगळ्यांना भेळ आणली.

पिग्मीच्या पडद्यावर प्रत्येक पावतीला फोनवरच एक न दुहेरी होणारा क्रमांक मिळतो. रेंज अर्धवट असताना तीच पावती दोनदा गेली, तरी सर्व्हर दुसरी नाकारतो. यात व्ह्यूचा काही संबंध नाही, पण हे नसतं तर वरच्या चारही जागा अचूकपणे चुकीचा आकडा दाखवत बसल्या असत्या.

## दुसरा अहवाल

इथे आमची मोठी चूक. घरात नोडचा, म्हणजे जावास्क्रिप्ट आपल्या संगणकावर चालवणाऱ्या साधनाचा, पसारा नको, म्हणून व्ह्यूची पूर्ण फाइल पानात जोडून टेम्प्लेट तिथल्या तिथे लिहिलं होतं. बिल्ड, म्हणजे कोड आधी तयार करून घ्यायची पायरी, नाही, काही नाही, फाइल बदलली की काम झालं. थोरल्याला ही अट मान्य झाली म्हणून तर व्ह्यू मान्य झाली होती.

२०२४ च्या सुरुवातीला फेरतपासणी झाली. जेक्वेरीचा शेरा गेला होता. नवा आला: कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी लावा, आणि त्यात 'अनसेफ-इनलाइन' आणि 'अनसेफ-इव्हॅल' नको. सोप्या भाषेत, पानात विखुरलेल्या आज्ञा आणि मजकुरापासून ऐनवेळी तयार केलेलं कोड, दोन्ही ब्राउझरने चालवू नये. आणि व्ह्यूची ती पूर्ण फाइल नेमकं तेच करते. पानातलं टेम्प्लेट वाचून ब्राउझरमध्येच त्याचं कोड बनवते. पॉलिसी लावली आणि पिग्मीचा पडदा कोरा.

उपाय माहीत होता. टेम्प्लेट आधीच, आमच्या संगणकावर, व्हीट नावाचं साधन वापरून तयार करायचं आणि ब्राउझरला नुसतं चालणारं कोड द्यायचं. म्हणजे जो नोडचा पसारा टाळला होता, तोच घरात घ्यायचा. तीन आठवडे गेले. एचटीएमएक्सला एक सेटिंग बदलून भागलं, कारण त्याच्या इव्हॅल लागणाऱ्या सोयी आम्ही वापरलेल्याच नव्हत्या. जुन्या पानांतल्या 'ऑनक्लिक'च्या शेकडो आज्ञा मात्र एकेक करून बाहेर काढाव्या लागल्या. ते काम अजून चालू आहे, आणि तोवर काउंटरच्या पानांना सैल पॉलिसी आहे. तपासनिसांना तसं लेखी कळवलं आहे.

कटू भाग असा, की ही पॉलिसीची शिफारस पहिल्या अहवालातही होती. शेवटून तिसऱ्या पानावर, 'सुधारणा सुचवण्यात येते' या सदराखाली. आम्ही लाल शेरे वाचले आणि अहवाल फाइलला लावला.

## आज

एजंटांचा पडदा रेंजशिवाय दिवसभर चालतो. संध्याकाळचा हिशेब जुळत नाही असा फोन अजून येतो, पण शोध घेतल्यावर बहुधा सुट्या पैशांचा घोळ निघतो. वसुलीचा पडदाही व्ह्यूवर गेला. काउंटरच्या सात पडद्यांवर एचटीएमएक्स आलं. बाकी पडदे जेक्वेरीवर आहेत आणि कॅशिअरला त्याचा पत्ताही नाही.

धाकटा अपेक्षेप्रमाणे पुण्याला गेला. त्याच्या जागी व्ह्यू येणारा माणूस हवा अशी जाहिरात दिली, तर अर्ज आले ते सगळे रिअ‍ॅक्टवाल्यांचे. शेवटी त्यांतलाच एक घेतला. त्याला रुळायला महिना लागला. आमचा 'इथे माणसं मिळणार नाहीत' हा हिशेब म्हणजे अर्धाच बरोबर होता. रिअ‍ॅक्टचा माणूस टिकत नाही हे खरं, पण व्ह्यूचा मिळतच नाही.

## पुन्हा करायचं तर

चौथा पडदा पहिल्यांदा करेन. जुन्या कोडमधली उघड चूक सुधारल्याशिवाय नव्या लायब्ररीशी तुलना करणार नाही. आम्हाला तो सुचला तोही थोरल्याच्या हट्टामुळे.

सुरक्षेच्या अटी फळ्यावर पर्यायांच्या आधी लिहीन. 'बिल्ड नको' ही अट आम्ही चहाच्या कपावर मान्य केली. ती परवडते की नाही हे पॉलिसी ठरवणार होती.

एजंटाच्या मॉडेलचा फोन शेवटच्या आठवड्यात नाही, पहिल्या दिवशी घेईन. व्ही-मॉडेलची गोष्ट पहिल्याच तासात कळली असती. तो फोन आता ऑफिसच्या टेबलावर कायम चार्जिंगला असतो, मराठी कळफलक लावलेला.

रिअ‍ॅक्ट की व्ह्यू, यावर माझं मन आजही पूर्ण ठरलेलं नाही. आज निवडायचं झालं तर मॅडमना वाचता येतं या एका मुद्द्यावर पुन्हा व्ह्यूच घेईन, पण थोरल्याला विचाराल तर तो म्हणेल की दोन पडद्यांसाठी साधी जावास्क्रिप्ट नीट लिहिली असती तरी भागलं असतं. त्या शंभर रुपयांची आठवण करून दिली की तो हसतो आणि म्हणतो, "ती माझी चूक होती, जावास्क्रिप्टची नव्हे."

कर्ज विभाग अजून अँग्युलरजेएसवरच आहे. नव्या मुलाने गेल्या महिन्यात ती फाइल उघडली, वरची ओळ वाचली आणि विचारायला माझ्या टेबलाशी आला. आम्ही दोघांनी मिळून त्यातल्या पडद्यांना तोच प्रश्न लावायला घेतला आहे. पहिल्या सहा पडद्यांत तरी एकही आकडा दोन जागी दिसत नाही.